गवताच्या ट्रॅक्टरचं झाकण

काल सोसायटीच्या बागेत गवत कापायचं मशीन आलं आणि दहा मिनिटांत भक-भक करून बंद पडलं. बायको म्हणाली, जा की, तुमचाच प्रांत आहे. म्हटलं, नको बाई... एकदा केलंय ते, पुरे झालं.

एकदा म्हणजे सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी चिंचवडला एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होतो. कंपनीसमोर हे एवढं मोठं लॉन, आणि ते कापायला परदेशातून आणलेलं, वर बसून चालवायचं मशीन. सगळे त्याला गवताचा ट्रॅक्टर म्हणायचे.

तो चालवायचे माळीकाम करणारे धोंडिबा मामा. मोशीचे, पन्नाशीचे, रोज सायकलवर यायचे. टेम्पररी होते... म्हणजे दर काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा बोलावणं आलं तर नोकरी, नाही तर घरी. त्या वर्षी त्यांना पर्मनंट करायचं चाललं होतं.

दसरा झाला आणि ट्रॅक्टर बिघडला. सुरू होताना अगदी शहाण्यासारखा. दहा-पंधरा मिनिटं झाली की आवाज वर जायचा, खाली यायचा, धापा टाकायचा आणि बंद! पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकण उघडून बघायचो, तर टाकी भरलेली. पुन्हा चालू केला की पुन्हा शहाणा.

फर्स्ट शिफ्ट करून मी वर ओव्हरटाइमला थांबायचो. प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर तीनदा उघडला... जेट तोंडाने फुंकून फुंकून चहालासुद्धा पेट्रोलची चव लागायला लागली. काडीचा फरक नाही. पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येणार, आणि अर्धं लॉन कापलेलं, अर्धं गुडघ्याएवढं. जाता-येता जो तो विचारणार, "काय राव, जमतंय का?" अरे, जमलं असतं तर इथे उकिडवा बसलो असतो का?

धोंडिबा मामा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते. "झाकण उघडलं की ब्येस चालतंय बघा." मी म्हणायचो, मामा, तुम्ही झाडं बघा, इंजिन मी बघतो. कंपनीत फिटर मी होतो ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी पर्सनल खात्याचे, म्हणजे नोकरभरती बघणारे साहेब आले आणि काय झालंय म्हणून विचारलं. मी कंटाळलेलो, अंग आंबलेलं, डोकं चालत नव्हतं... तोंडातून निघून गेलं, "पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असेल."

झालं! स्टोअरमधून पेट्रोलचा कॅन कोण आणतं? धोंडिबा मामा. साहेब माझ्यासमोर काही बोलले नाहीत, पण तासाभरात मामांना ऑफिसात बोलावून सांगितलं... शनिवारपासून ब्रेक, आणि परत यायची गरज नाही.

मामा आले ते सरळ खुरपं घेऊन वाफ्यात बसले. इतकी लाज वाटली की जेवायला कॅन्टीनमध्ये गेलोच नाही. मी काही त्यांचं नाव घेतलं नव्हतं... पण त्याने काय होतं? बोलून तर बसलोच होतो.

शिफ्ट सुटल्यावर मी स्वतःच ट्रॅक्टरवर बसलो. बंद पडला, पण या वेळी घाई केली नाही. कान जवळ नेला आणि झाकण हळूच फिरवलं... फुस्स! हवा आत ओढल्याचा आवाज. म्हणजे टाकीत हवाच जात नव्हती. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा शिरावी लागते, त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते भोक शोधायला झाकण उजेडात धरलं, तर भोकाच्या जागी लालभडक टिळा.

कुंकू. आणि लावणारा मीच! खंडेनवमीला आमच्या खात्यातल्या मशीनची पूजा माझ्याकडे होती. पाण्यातलं कुंकू दुपारपर्यंत उडून जातं, म्हणून मी अक्कल पाजळून ते ग्रीसमध्ये कालवलं होतं. लेथला, ड्रिलला कुठेही लावा, काही बिघडत नाही. पण ट्रॅक्टरला कपाळ कुठलं? ते गोल झाकण दिसलं आणि अंगठा दाबला... चांगला भक्तिभावाने.

मामा मागे येऊन उभे होते. त्यांनी पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातलं फडकं माझ्यापुढे धरलं.

"पुसून टाका. कुनाला कळतंय? तुमचं नाव खराब व्हईल. माझं काय, मला जायचंच हाय."

मी पुसलं नाही. ऑफिस सुटायच्या आत झाकण तसंच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, साहेब, रॉकेल-बिकेल काही नाही, हा माझा अंगठा आहे. साहेबांनी झाकण उलटसुलट करून बघितलं. मग हसले, मग हसायचे थांबले आणि मामांना काढल्याचा कागद फाडून टाकला. मला मेमो मिळाला, आणि खात्यात सगळे मला "भटजी" म्हणायला लागले ते रिटायर होईपर्यंत.

मामा पुढे पर्मनंट झाले. आता नाहीत ते. आमचं मैत्र शेवटपर्यंत टिकलं, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, तुम्ही खरं बोललात हो, मोठी गोष्ट आहे. मी विषय बदलतो. कारण मामांनी फडकं पुढे केलं तेव्हा माझा हात त्याच्याकडे गेला होता... क्षणभर, पण गेला होता. मामांनी ते बघितलं, आणि तरीही फडकं मागे घेतलं नाही.