लाटेवर जायची परवानगी

मला मिक्सर हवा होता. संक्रांतीला आमच्या सेक्टरच्या मैदानात हळदीकुंकू होतं. पुढं निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेल्या एका बाईंनी ते ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच बोलावणं होतं. मी विधवा. मला कुंकू लावायचं की नाही यावर दारातल्या दोन पोरींची कुजबुज झाली. शेवटी त्यांनी कुंकू लावलं नाही, प्लास्टिकचा डबा दिला आणि बक्षिसाचा नंबर दिला.

तिसरं बक्षीस इस्त्री, दुसरं मिक्सर. पहिल्याला माझा नंबर निघाला. पहिलं बक्षीस म्हणजे कोकणात समुद्रावर तीन रात्री, एका माणसासाठी. लाटेवर फळीवरून घसरायचं, होडी वल्हवायची, सायकल चालवायची, दोरीला लटकून खाडी ओलांडायची. माइकवर हे वाचून दाखवलं तेव्हा मांडवातल्या बायका पोट धरून हसल्या. मिक्सर लागलेल्या बाईला मी विचारलं, "बदलतेस का?"

"नको बाई काकू, मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतं?"

तिनं मिक्सरचा खोका मांडीवर घट्ट धरला.

मी गेले. चारकोपच्या खोलीत बसून वेगळं काय करणार होते? मुलगा मस्कतला, मुलगी मुलुंडला. चार दिवस कुलूप दिसलं तर विचारणारं कोणी नव्हतं. दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं, तेवढं पुरलं. डॉक्टरचा दाखला मागितला होता, तो सेक्टरातल्या डॉक्टरनं दिला. वय सत्तर, ब्लडप्रेशरची गोळी चालू, बाकी ठीक.

बस बोरिवलीहून संध्याकाळी निघाली आणि सकाळी पोहोचली. बसमध्ये अंधेरीच्या एका ऑफिसातली अकरा पोरं-पोरी होती. त्यांतल्या एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही कुणासोबत?"

"कुणासोबत नाही."

ती "वाव" म्हणाली आणि कानात गाणी घालून झोपली.

जागा मालवणच्या खाली होती. माझं माहेर तिथून दोन तासांवर, पण घाटाच्या पायथ्याशी. आम्हाला समुद्र कळायचा तो बाजाराच्या दिवशी, माशांच्या पाटीतून. मुंबईत आल्यावर नवऱ्याबरोबर मार्व्याला गेले, गोराईला गेले. पेपर पसरून भेळ खाल्ली आणि साडी भिजायच्या आत परत आलो. सत्तर वर्षांत समुद्राचं पाणी माझ्या घोट्याच्या वर आलेलं नव्हतं.

शिकवणारा चाळिशीचा, रुंद अंगाचा माणूस होता, तिथल्याच कोळीवाड्यातला. त्यानं फळी पाण्यात नेली, तिच्यावर पोटावर पडला, मागून लाट आली आणि तो किनाऱ्यापर्यंत सरळ आला. उभा राहिला नाही, काही कसरत केली नाही. पोटावर पडून नुसता आला. मला वाटलं, हे मला जमेल. मला पाण्यात जायचं होतं. कारण विचाराल तर एवढंच.

नावं लिहून घेणाऱ्या टेबलावरच्या मुलीनं माझं वय बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"आजी, साठच्या वर असेल तर घरच्या माणसाचा होकार लागतो. फोनवर. मी स्वतः बोलणार त्यांच्याशी. प्रत्येक खेळाला वेगळा फॉर्म, वेगळा फोन."

"होकार मी देते की."

"तुमचा नाही चालत."

"सत्तर वर्षं चालला."

ती हसली, पण तिनं ऐकलं नाही. नोकरी होती तिची.

मस्कतला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. मग अक्षरं आली. मीटिंगमध्ये आहे आई, नंतर करतो. हे 'नंतर' पाच दिवसांनी उगवलं.

मग मुलीला लावला. टेबलावरच्या पोरीनं स्पीकर चालू केला.

"आई, कुठं आहेस तू? मागे आवाज कसला?"

"समुद्राचा."

"अक्साला गेलीस एकटी?"

"मालवणच्या पुढं आले. मला फळीवरून लाटेवर जायचंय. ही मुलगी विचारेल, तिला हो म्हण."

"तुझं डोकं फिरलंय का? मला सांगितलं पण नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

"ते जाऊ दे. मी हो म्हणणार नाही. उद्या तुला काही झालं तर सगळे मलाच विचारतील, तू कशी सोडलीस म्हणून. मी काय तोंड दाखवू?"

"म्हणजे मी बुडले तर चालेल, तुझं नाव त्यात नको."

"आई, प्लीज हां. मला ऑफिसला निघायचंय."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लोक विचारतातच.

"अजून कोणी?" टेबलावरच्या पोरीनं विचारलं. मागे अकरा जण फळ्या उचलून निघाले होते. मी फोनमधली नावं वाचत गेले. गॅसवाला, वायरमन, डॉक्टर, रिक्षावाला, बँकेतला एक मुलगा. भाजीवाली होती, ती हो म्हणाली असती, पण नात्याच्या रकान्यात भाजीवाली कशी लिहिणार?

एक नंबर फोनमध्ये नव्हता. मीच काढून टाकला होता. पण तो मला पाठ होता.

नणंद भांडुपला राहते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन भांडुपच्या खोलीत आले तेव्हा नवरा मिलमध्ये रात्रपाळीला असायचा आणि आम्ही दोघी एका चटईवर झोपायचो. सासूच्या चुगल्या करायचो. पुढं तिचं लग्न जवळच झालं आणि आम्ही चारकोपला आलो, तरी फोन रोज असायचा. मग माझ्या नवऱ्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून बघू, खात्री नाही. ती म्हणाली, त्याला गावी नेऊया, घरी शांतपणे जाऊ दे. मी तिला न विचारता ऑपरेशनच्या कागदावर सही केली. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेराव्याला सगळ्यांसमोर ती म्हणाली, "माझ्या भावाला घरी मरू दिलं नाहीस." मी म्हटलं, "तो माझा नवरा होता." त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो. लग्नकार्यात एकमेकींकडे पाठ करून जेवलो.

मी नंबर दाबला. लगेच उचलला.

"कोण?"

"मी."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"मरूक नाय अजून?"

"नाही. परवानगी हवीय."

"कसली?"

मी सांगितलं. फळी, लाट, वय, होकार. सांगताना मलाच ते खुळ्यासारखं वाटलं.

"आता इचारतंस," ती म्हणाली. "तेव्हा इचारलं नाय."

टेबलावरच्या पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. स्पीकर चालू होता, पण आता बंद कर म्हणून काय उपयोग? मी म्हटलं, "नाही विचारलं."

यापेक्षा जास्त मी बोलले नाही. माफी वगैरे मागितली नाही. सही केली ती चूक होती की बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही.

"ती पोरगी खंय आसा? तिका दी फोन." मग तिनं मुंबईचं मराठी काढलं. "हां, बोल. मी नणंद. सख्खी. जाऊ दे तिला. तिनं आजवर कुणाचं ऐकलंय, जे माझं ऐकेल? पण हात धरून ने, ती पुढं पुढं करते." आणि फोन ठेवला.

पोरीनं फॉर्मवर टिक केली. त्यांचे पाण्यात घालायचे कपडे तंग होते, म्हणून मी माझ्या पंजाबी ड्रेसवरच तरंगायचं जॅकेट बांधलं. फळीची दोरी शिकवणाऱ्यानं माझ्या पायाला लावली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. थंड होतं आणि जड होतं. त्यानं मला फळीवर पालथं घातलं आणि म्हणाला, "आजी, डोळे उघडे ठेवायचे." मागून आवाज आला. फळी माझ्याखालून निघाली असं वाटलं, पण निघाले मीच. किती वेळ? दहापर्यंत मोजून झालं नसतं. वाळूला घासून थांबले तेव्हा नाकातोंडात खारट पाणी होतं आणि ओढणी कुठं गेली पत्ता नव्हता. मी उठले आणि म्हटलं, "परत." तीन वेळा गेले. चौथ्या वेळी त्यानंच नको म्हटलं.

पोरं टाळ्या वाजवत होती. फोटो काढले. मग ती त्यांच्या त्यांच्यात फोटो बघायला बसली आणि मी ओल्या कपड्यांत उभी राहिले. हे कुणाला सांगावं असं वाटत होतं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आंघोळ करून झोपले. तंबू दोन माणसांचा होता. दोन गाद्या, दोन टॉवेल, दोन पाण्याच्या बाटल्या. एकटीच आहे म्हणून मी सांगितलं, तरी रोज दोन ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी होडी होती. वेगळा फॉर्म, वेगळा फोन. या वेळी मुलीला लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. भांडुपला पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"आता काय?"

"होडी. खाडीत. दोन माणसांची."

"दुसरा कोण?"

"शिकवणारा. कालचाच."

"लगीन झालाहा काय तेचा?"

टेबलावरची पोरगी तोंड दाबून हसायला लागली.

"गप गं. हो म्हण."

"हो. खाल्लंस काय?"

"पोहे."

"कसे?"

"साखर घालतात."

"मेले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खाडी शांत होती. दोन्ही बाजूंना तिवराची झाडं. मी वल्हं मारायचे आणि होडी माझ्या बाजूला वळायची, मग तो मागून सरळ करायचा. त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं, आजी?"

"कोण नाही."

"आणि ती फोनवरची?"

"नणंद."

"भांडखोर वाटते."

"आहे."

एक पांढरा बगळा आमच्यापुढं उडायचा आणि आम्ही जवळ गेलो की आणखी पुढं जाऊन बसायचा. दुपारी सगळे सायकलवर गेले. मला सायकल येत नाही. मी तंबूच्या दारात बसले. ऊन पायांपासून गुडघ्यांपर्यंत चढलं तेवढी बसले.

तिसऱ्या दिवशी दोरी. खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाड तार बांधलेली, तिला चाकावर लटकून जायचं. मला उंचीची भीती आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी मला गरगरतं. दोरीवर जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तरी मी रांगेत उभी राहिले आणि फॉर्म घेतला. फॉर्माशिवाय तिला फोन कसा करायचा, ते मला येत नव्हतं.

"बोल," ती म्हणाली.

"दोरी आहे. लटकून पलीकडे जायचं."

"किती उंच?"

"माडाएवढी असेल."

"आणि तू जातंस?"

"फॉर्म भरलाय."

"पोरीला दे फोन." पोरीनं स्पीकर चालूच ठेवला होता. "ऐक गं बाय. हिला सोडू नकोस. ही आमच्या चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची नाही, मी जायचे. हिला गरगरतं. पाण्यात गेली, होडीत गेली, ते झालं. दोरीला मी हो म्हणणार नाही. कागदावर लिही, नणंद नाही म्हणाली."

"लिहिते, मावशी."

मला वाद घालता आला असता. घातला नाही.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली.

"ऐकलं."

तिच्याकडे कुणीतरी दार वाजवत होतं. ये म्हणून ती बोलली नाही आणि येते म्हणून मी बोलले नाही. "ठेवते, कोण आलाहा," एवढं म्हणाली आणि ठेवला.

पोरीनं फॉर्मवर आडवी रेघ मारली. "सॉरी, आजी."

"तू कशाला सॉरी? तिनं नाही म्हटलंय."

मी बाकावर जाऊन बसले. अकरा जणांनी चपला, पिशव्या, फोन माझ्यापाशी आणून ठेवले आणि एकेक करून किंचाळत पलीकडे गेले. फोनांचा ढीग माझ्या शेजारी होता. दर दोन मिनिटांनी त्यातला एखादा वाजायचा, वर कुणाची आई, कुणाचे पप्पा असं यायचं. मी एकही उचलला नाही. वाजून वाजून बंद होऊ दिले. माझा फोन दुसऱ्या ड्रेसच्या ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवला होता. पलीकडे गेलेली पोरं हात हलवून मला बोलवत होती. मी मान हलवून नाही म्हटलं.