बदल्यांची यादी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही – बायकोलासुद्धा नाही.

हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. ऑफिसातले चारही कॉम्प्युटर माझ्याकडे. अपडेट करायचं काम माझं. पण स्क्रीनवर तशी सूचना आली की मी 'नंतर' दाबायचो – कित्येक महिने तेच.

एका सकाळी मेल आला. सोबत फाईल – 'बदल्यांची यादी'. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलेलं होतं. दिसलं नाही का मला? दिसलं. पण शेजारच्या टेबलावरचे कदीरभाई प्राचार्यसाहेबांना सांगून मला कुरुंद्याच्या शाखेत पाठवणार, असा संशय डोक्यात बसला होता. कशावरून? कशावरूनच नाही. फाईल धोक्याची असू शकते, अशी पिवळी पट्टी वर आली. ती मी दाबून घालवली. आत कोरं पान.

दुपारपर्यंत मुलांच्या नोंदींची एकही फाईल उघडेना. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेव्हा मी म्हणालो, "कदीरभाई, सकाळी तुम्ही पेनड्राइव्ह लावला होता ना?"

खोटं नव्हतं ते – म्हणूनच जास्त वाईट. त्यांची मुलगी सना बीएस्सीला; तिनं पेनड्राइव्हमध्ये घालून दिलेला प्रोजेक्ट त्यांनी छापून घेतला होता. ते "व्हय" म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

नांदेडहून आलेल्या इंजिनिअरने मला बाजूला घेऊन सांगितलं, हा व्हायरस मेलमधल्या फाईलमधून आलाय. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून शिरला, अपडेट केलं असतं तर फट बुजली असती. अहवाल मी लिहिला. त्यात 'बाहेरून आलेली फाईल' एवढंच घातलं. ती पेनड्राइव्हमधलीच, असं सगळ्यांनी धरलं.

कदीरभाईंनी माझी माफी मागितली. माझी!

आता मी अपडेट त्याच दिवशी करतो, प्रत्येक पत्ता अक्षर-अक्षर तपासतो. चहा घेताना कदीरभाई जरा जास्त वेळ बघतात – त्यांना कळलं असेल का? इंजिनिअर बोलला असेल का? की माझंच मन?

गेल्या महिन्यात ते सहज बोलले, सनानं कॉम्प्युटरचा विषय सोडला. मी विचारलं – मीच – काहून?

"तिलाच भेव वाटून राहिलं," ते म्हणाले. "म्हणते, अब्बा, माझ्या हातानं कॉलेजचं वाटोळं झालं."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.