गुंडाळलेली गादी आणि एक स्पॅनिश क्रियापद

लोणंद स्टेशनावर आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले होते. पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला माणूस. माझ्या वळकटीची दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "पोचलास की तार कर. अन् दोन वर्सांत माघारी ये. जास्त शाना होऊ नगंस." दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सिंधी व्यापाऱ्याच्या कापडदुकानात कारकुनी करायला मी कॅनरी बेटांवर चाललो होतो. तिथे स्पॅनिश बोलतात.

घरमालक डॉन अनसेल्मो लॅटिनचे निवृत्त मास्तर. त्यांना साधं 'पोचलो' कसं म्हणायचं ते विचारलं, ही माझी चूक. जेवता जेवता ते व्याख्यान द्यायला उभेच राहिले. येगार, म्हणजे पोचणं. मूळ लॅटिन प्लिकारे, म्हणजे घडी घालणं. बंदरात शिरल्यावर खलाशी शीड गुंडाळत. गुंडाळलं की पोचलं. तोवर सूप गार झालं.

मी म्हणालो, "आमच्या वडिलांच्या पलटणीत तंबू गुंडाळला की निघालो."

"त्यांना लॅटिन येत नसावं."

पुढच्या आठवड्यात तेच ऐटीत सांगत आले, की रोमानियाकडे याच शब्दाचा अर्थ 'निघणं' होतो, बहुधा शिपायांच्या तंबूंमुळे. शोध अर्थात त्यांचाच.

त्यांच्या बायकोला, पिलारबाईंना, लॅटिनची गरज नव्हती. मी उठल्याबरोबर गादी गुंडाळून भिंतीशी लावी; आमच्याकडे दिवसा अंथरूण पसरलेलं असतं ते फक्त दुखणाईताचं. बाई ती गुंडाळी बघून रोज समजत, हा निघाला. शेवटी त्यांनी माझी खोली दुसऱ्याला कबूल करून टाकली. "रोजच तर बांधाबांध करता!" मी चिडलो, मग विनवण्या केल्या, आणि खोली टिकवायला गादी पसरलेली ठेवू लागलो. सुरुवातीला आपल्याला ताप आहे असं वाटे. पुढे वाटेनासं झालं. आबांची मुदतही अशीच उलटून गेली.

यंदा घरी आलो. आबांनी विचारलं, "आता हितंच न्हवं?" मी म्हणालो, रजेवर आलोय. ते उठून गोठ्याकडे गेले.

सकाळी उठलो आणि सवयीने अंथरूण तसंच टाकून चहाला निघालो. अर्ध्यातून परत फिरलो, तर आई अंथरूण गुंडाळत होती. मी दुसरं टोक धरलं.

"ऱ्हाऊ दे रं. पावण्यानं आंथरूण काढू न्हाई."

"मी काय पाहुणा आहे?"

"मग आबास्नी सांग की, जात न्हाई म्हणून."

तिने टोक ओढलं. मी सोडलं.

तिकडची मंडळी विचारतात, घर कुठलं? उत्तर अजून तेच, लोणंदजवळचं. फक्त तिथे माझं अंथरूण आता मी काढत नाही.