अकरावा प्रश्न

पठाण सर कुणाला ‘कसा आहेस’ असं कधी विचारत नसत. ‘कुठून आलास?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. शेजारच्या वर्गातून खडू घेऊन येणारा शिपाईसुद्धा त्यातून सुटायचा नाही. मी पहिल्या दिवशी कॉलेजात आलो, तेव्हा भूगोल विभागाच्या दारातच त्यांनी मला धरलं. “फुलंब्रीहून,” मी म्हणालो. “ते ऱ्हाऊ दे. एसटीत बाजूला कोण बसलं व्हतं? कुठं चाललं व्हतं, अन् कशापायी?” “माहीत नाही, सर,” मी म्हणालो. “इतका येळ मांडीला मांडी लावून बसला अन् इचारलं नाय,” ते म्हणाले. “ये, तुला लई शिकवायचं बाकी हाय.” मी घरी गेल्यावर सांगितलं की एक सर जरा विक्षिप्त आहेत.

ते मानवी भूगोल शिकवायचे. बोलायला लागायचे पुस्तकी मराठीत, पण रमले की गावची भाषा यायचीच. जागतिकीकरणाचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून टेबलावर ठेवत. “बंदरं, करार, कंपन्या हे समदं खरं हाय, पण ते जमिनीवर उतरलं की तीनच सवाल ऱ्हातेत. काय आलं, कोण गेलं, अन् मागं ऱ्हायलं त्याचं काय झालं?” आम्ही पोरं तिसरा सवाल हमखास गाळायचो आणि ते हमखास मार्क कापायचे.

दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन ते स्वतःच्याच गावात सर्वे करायचे. गाव करमाडच्या अलीकडे, जालना रोडला लागून, शेजारीच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. प्रत्येक घरात जायचं, त्यांनी तयार केलेले बारा प्रश्न विचारायचे, आणि उत्तर माणसाच्या शब्दांत लिहायचं. आमच्या वर्षी गावात माणसं वाढलेली पाहून मी अहवालात ऐटीत लिहिलं, ‘गावाचा विकास झाला आहे.’ सरांनी मला हाताला धरून एका बाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. बाईंची जमीन वसाहतीत गेली होती आणि आता त्या कामगारांचे डबे करायच्या. समोर भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं. “भाकर कुणी मागतच नाय बापा,” बाई म्हणाल्या. “थापायची सवयच मोडली माझी.”

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “जर्मनीत कुणाला तरी गाडी पायजे, म्हणून हितं सुटे भाग बनतेत. म्हणून ओडिशातलं पोरगं हितं येतं, अन् म्हणून या बाईच्या चुलीवर भात शिजतो. विकास झाला का नाय ते मागून लिही. आधी हे लिही.” मी ते वाक्य खोडलं. पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागलो आणि हा किस्सा वर्गात स्वतःचा शोध असल्यासारखा सांगत आलो.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच सरांची पत्नी गेली. मूलबाळ नव्हतं. शहरातलं भाड्याचं घर सोडून ते गावी राहायला गेले. तोवर त्यांच्या बरोबरीचे बहुतेक लोक जमिनी देऊन शहरात फ्लॅटमध्ये आले होते. “समदे तिकडून हिकडं आले, मी येडा उलटा चाललो,” ते हसत म्हणाले. गावात घरं भरलेली होती, खोल्यांवर खोल्या चढल्या होत्या, पण राहणारे सगळे कंपन्यांत पाळीवर जाणारे कामगार. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याला विचारायचे, “कहाँ से आए, बेटा?” “कंपनी से, अंकल,” म्हणून पोरगा झोपायला निघून जायचा.

मग मला फोन यायला लागले. “सर्वे कधी घेतूस?” सर्वे हे निमित्त होतं. त्यांना कुणीतरी दारात यायला हवं होतं, आणि ते मला पक्कं कळत होतं. कळूनही मी ‘पुढच्या महिन्यात नक्की, सर’ म्हणत राहिलो. कॉलेजात तपासणी समित्या, फायली, आणि मुलं आता उपग्रहाचं चित्र संगणकावर उघडून घरं मोजायला शिकली होती. हे मी त्यांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, “वरून छप्पर दिसतं बाबा. खाली कोण एकटा बसलाय ते कसं दिसंल?” मला लाज वाटली. तरीही दोन वर्षं गेली.

शेवटी गेल्या हिवाळ्यात बारा मुलं घेऊन गेलो. सर इस्त्रीचा सदरा घालून वाट पाहत होते. घरातल्या सगळ्या खुर्च्या आणि एक बाज बाहेर मांडली होती, शेजारून कप मागून आणले होते. “पहिलं घर माझं घ्या,” म्हणाले. लासूर स्टेशनची अश्विनी फॉर्म घेऊन पुढे बसली.

“घरात माणसं किती, सर?”

“एक.”

“सणाला कोण येतं?”

सर चष्मा पुसायला लागले. “ईदला शीरखुर्मा करतो. खोल्यांतली पोरं खाऊन जातेत. त्यांना घरचे लिहायचं का पावणे, ते तू ठरव.”

अकरावा प्रश्न होता, ‘गाव सोडून जायचा विचार आहे का? असल्यास कुठे?’ इथं घाई करायची नाही, माणूस इथंच खरं बोलतो, असं सर आम्हाला बजावत. अश्विनीनं घाई केली नाही.

“व्हय लिही,” सर म्हणाले.

“कुठे, सर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “ते कोरं ऱ्हाऊ दे. पुढचं घर घ्या, ऊन चढतंय.”

दोन महिन्यांनी सर झोपेतच गेले. शहरातून जुनी मंडळी आली. खोल्यांतली पोरं पाळी बुडवून आली होती, त्यांनीच आळीपाळीनं खांदा दिला. कबरस्तानातून परतताना त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं, “सर, अंकल का नाम क्या था?”

अहवाल बांधायला द्यायच्या आधी अश्विनी फॉर्म घेऊन आली. “एक रकाना कोरा आहे सर. काय लिहू?”

“कोराच ठेव,” मी म्हणालो.

माझ्या घराची वरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी आहे, हे मी तिला सांगितलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला ती खोली आठवली होती. पण मी कप खाली ठेवला आणि मुलांना म्हणालो, चला.