राजाच्या हत्तीची सोंड

मला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी मला कुणी धड पाहिलंच नाही. सगळ्यांनी एक रुपया पाहिला.

पनवेलच्या बाजारात बाबांचं धान्याचं दुकान होतं. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, म्हणून लोक घरातली जुनी नाणी काढून आणत. आवडलेलं नाणं बाबा गल्ल्यात टाकायच्या ऐवजी बंडीच्या खिशात टाकत आणि दुपारी ओटीवर बसून, तांदूळ निवडावेत तशी, ती नाणी निवडत. कोरं, उत्तम, मध्यम, झिजकं. नाणं कडेनं धरायचं, उन्हात तिरकं करायचं, राजाचा गाल आणि भुवई आधी बघायची, कारण उंच भाग आधी झिजतो, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. दुसऱ्याचं नाणं बाबांच्या हाती आलं की फार तर मध्यम ठरे. स्वतःचं उत्तमच्या खाली सहसा उतरत नसे.

पाहुणे गव्हाणचे, मिठागरवाले. मुलगा, त्याचे आईवडील, एवढेच आले होते. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील कोनाड्यातल्या नाण्यांच्या डब्यांकडे बघत होते.

“नाणी जमवता काय, शेट?” त्यांनी विचारलं आणि सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं.

मुलगी बघायला येताना कुणी भिंग आणतं का? आईनं आतूनच कपाळावर हात मारून घेतला. बाबांचा चेहरा मात्र असा उजळला, की मला वाटलं लग्न त्यांचंच ठरतंय. त्यांनी आपला लाडका चांदीचा रुपया काढला. त्यावर मुकुट घातलेला राजा होता आणि राजाच्या अंगरख्यावर मुगाएवढा हत्ती.

“उत्तम!” बाबा म्हणाले. “हत्तीची सोंड बगा.”

पाहुण्यांनी रुपया उन्हात धरला. “सोंड नाय दिसत. मध्यम.”

“नाय कशी? भिंग पुसा तुमचं!”

“भिंग चांगलं हाय. रुपया झिजलाय.”

आवाज चढले. पोहे निवले. शेवटी पाहुणे माझ्याकडे वळले. “पोरीचे डोळे तरुण हायत. तिला विचारा.”

मुलीला स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, असल्या प्रश्नांची मी तयारी केली होती. हत्तीची नव्हती. मी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि दिसलं तेच सांगितलं, “सोंड आहे, पण अर्धीच.”

“अर्धी म्हंजे हायच!” बाबा ओरडले.

“अर्धी गेली म्हंजे गेलीच!” पाहुणेही ओरडले. मग रुपया पुन्हा तिरका करून ते एकदम गंभीर झाले. “शेट, यावर बारीक ओरखडे हायत. कुणीतरी घासलाय.”

“माझ्या घरात? शक्य नाय!”

“मीच घासला,” आई दारात येऊन म्हणाली. “सकाळी तांब्याभांड्यांबरोबर. रांगोळीनं. पावण्यांना काय काळाकुट्ट रुपया दाखवायचा?”

बाबा मटकन खाली बसले. जुन्या नाण्याचा काळेपणा हेच त्याचं वैभव, असं ते नेहमी सांगत, पण आईला कधी सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं.

मुलाच्या आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “आमच्याकडं मी लिंबानं घासलेली,” त्या म्हणाल्या. “सगळीच. आठ दिवस जेवले नाय हे नीट.”

पाहुण्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं तसेच बसून राहिले, एकाच घरात सुतक पडल्यासारखे. तिकडे दोघी आया स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथून हसण्याचे आवाज येऊ लागले.

ओटीवर मी आणि मुलगा उरलो. त्यानं हळूच विचारलं, “तुम्हाला आवडतात का नाणी?”

“मुळीच नाही.”

“मलाही नाही,” तो म्हणाला आणि गार पोह्यांची बशी ओढून घेतली. तेवढ्यावर मी होकार दिला. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं.

पहिल्या दिवाळीला बाबा बैलगाडी करून मला माहेरी न्यायला गव्हाणला आले. मी सकाळीच ट्रंक भरून ठेवली होती. व्याही-व्याही डबी उघडून बसले. कुठल्याशा तांब्याच्या पैशावरून दुपारभर दोघं भांडले. उन्हं कलल्यावर बाबा ताडकन उठले, “तुमच्या डोळ्यांचा विलाज करा!” म्हणाले आणि गाडीत बसून निघूनही गेले.

मी ट्रंकेशेजारी उभीच. नवऱ्यानं सायकल काढली, पण चाकात हवा नव्हती. सासरे म्हणाले, “येतील परत, रागीट हायत.” ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा दारात आली. आत आई बसली होती. बाबांना ती दुकानात बसवून आली होती.