खिडकीतून दिसणारी शाळा

पुण्याहून निघालो तो मे महिना होता आणि माझी आई इराला थंडीचं जाकीट घालत होती. दारात टॅक्सी उभी, बॅगा डिकीत, तीन वर्षांच्या इराच्या कपाळावर घाम. "विमानात गार असतं," आई म्हणाली आणि तिने चेन गळ्यापर्यंत ओढली. इरा दोन्ही हात आडवे पसरून उभी होती. कपडे घालताना असंच उभं राहायचं, बाकीचं मोठी माणसं करतात, एवढंच तिला माहीत होतं.

पप्पा सांगलीहून खास आले होते. त्यांनी सल्ला जावयाला दिला नाही, मला दिला. "घर मागाहून बघा. आधी शाळा बघा." माझ्यासाठी त्यांनी तेच केलं होतं. चांगल्या शाळेच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि स्वतः कामावर जायला रोज लांब सायकल मारली. मी शिकले, नोकरीला लागले, ते त्या दोन खोल्यांमुळे, असं ते मानतात. मीही मानत होते.

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, माझ्या नवऱ्याच्या, नीलेशच्या कंपनीने पहिल्या काही महिन्यांसाठी फ्लॅट दिला होता. खालच्या मजल्यावर मानसी राहायची. सोलापूरची. नवरा नीलेशच्याच डिपार्टमेंटला, मुलगा विहान इराच्याच वयाचा. पहिल्याच आठवड्यात ती शेंगाचटणी घेऊन वर आली, आणि त्याच आठवड्यापासून मी तिच्याशी स्वतःची तुलना करायला लागले. तिला याचा पत्ता नव्हता.

इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जायला लागतं. वर्षाच्या मधेच, ज्याचा वाढदिवस होईल तसं एकेक. त्याआधी ओपफांग, म्हणजे पाळणाघर. मानसीने विहानला लगेच आठवड्यातल्या दोन सकाळी तिथे घातलं.

"काय शिकवतात?" मी विचारलं.

"काय माहीत. येतो तेव्हा खिशातून वाळू निघते."

मी इराला घरीच ठेवलं. नोकरी सोडून आले होते, वेळ हाताशी होता. शंभरपर्यंत अंक, एबीसीडी, रंग, प्राणी, शिवाय 'व्हॉट इज युवर नेम' आणि 'व्हॉट डज युवर फादर डू'. पुण्यात नर्सरीच्या मुलाखतीसाठी मुलांची जेवढी तयारी करून घेतात, त्याच्यापेक्षा थोडी जास्तच. आपली मुलगी त्या दोन सकाळींच्या किती पुढे आहे, या विचाराने मला बरं वाटायचं.

मग मी शाळा बघायला निघाले. इरा सायकलच्या मागच्या सीटवर, वरून पाऊस. प्रत्येक ठिकाणी मी निकाल विचारले, गृहपाठ विचारला. चार वर्षांच्या मुलांना गृहपाठ किती, असं विचारल्यावर एका मुख्याध्यापकांनी मला आधी कॉफी दिली, मग उत्तर दिलं.

मानसीने एकच शाळा बघितली. गावाच्या कडेला नवी वस्ती होत होती, तिथलं एक घर तिला आवडलं होतं. "शाळा समोरच आहे गं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तीच घेतली."

"निकाल बघितलास का?"

"कसला निकाल? अजून झोपेत शू करतो तो."

त्याच वस्तीत आम्हालाही घर मिळालं, तेही तिने सांगितलं म्हणून. ती विहानचं नाव घालायला त्या शाळेत निघाली तेव्हा मी इराला घेऊन बरोबर गेले. नुसतं बघून ठेवू, म्हटलं. इराला इस्त्रीचा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, सायकलवरून जाताना प्रश्नोत्तरांची उजळणी घेतली.

तिथल्या बाईंनी तिला नावसुद्धा विचारलं नाही. इथे बाईंना युफ म्हणतात, पुढे त्यांचं पहिलं नाव. या युफ मारिके. मी सांगितलं, इराला शंभरपर्यंत येतं. "छान," त्या म्हणाल्या. "आणि कोट घालता येतो?"

मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यात मुलांनी आपापले कोट जमिनीवर उलटे पसरले, कॉलर पायाकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घातले आणि कोट डोक्यावरून मागे टाकला. झाले तयार. विहानने त्यांच्या शेजारी आपला कोट पसरला आणि तेच केलं. पाळणाघरात शिकला होता. मग तो त्यांच्यामागे मैदानात पळून गेला. आमच्याकडे त्याने बघितलंही नाही.

इरा दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली. आई येईल आणि घालेल. मी गेले आणि घातला.

युफ मारिके काही वाईट बोलल्या नाहीत. अजून वेळ आहे, म्हणाल्या. पण वर्गात जागा थोड्या आहेत, नाव आज घाला. मी म्हटलं, विचार करून सांगते. मानसीने तिथेच सही केली. परत येताना ती बोलत होती आणि मी तिच्या पुढ्यातल्या विहानच्या कोटाकडे बघत होते. चेन वाकडी लागली होती. ती सरळ करावी, असं मानसीला वाटतही नव्हतं. तिचं हे न वाटणं मला हवं होतं.

माझा विचार संपेपर्यंत तिथली जागा गेली. इराला मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, नावाजलेल्या शाळेत घातलं. पप्पांना फोनवर निकाल सांगितला, ते खूश झाले. शाळा खरोखरच चांगली होती. अडचण शाळा सुटल्यावर यायची.

बुधवारी इथे शाळा दुपारीच सुटते. मानसीच्या दारापुढे मुलांच्या सायकली आडव्यातिडव्या पडलेल्या असायच्या. पोस्टमन पाय उचलून पलीकडे जायचा. आमच्या दारात इराची एक सायकल, स्टँडवर, सरळ. तिच्या वर्गातल्या मुली शहराच्या पलीकडे राहत. भेटायचं तर दोन आयांनी दोन आठवडे आधी ठरवायचं. वस्तीतल्या मुलांना ती ओळखत नव्हती, कारण ती सगळी समोरच्या शाळेतली. विहान बोलवायचा, पण त्याच्या घोळक्यात ती पाहुणीच.

एकदा ती माझ्याजवळ खिडकीत उभी होती. "आई, आपली बेल चालते ना?" तिने विचारलं. मी बाहेर जाऊन बेल वाजवून दाखवली.

मी समोरच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. इरा सात वर्षांची होईपर्यंत जागा झाली नाही. या काळात मानसी माझ्याकडे येत होती, मागच्या गल्लीतून, बागेच्या दाराने. हातात काहीतरी असायचं. मी चहा करायचे आणि तिच्या मुलाच्या वाढदिवसाला किती पोरं आली ते ऐकायचे. तिला घरकामाला उरक नाही, वक्तशीरपणा नाही, डच माझ्यापेक्षा कच्ची. तरी सगळं तिच्याच दारात. मी तिचा राग करू शकले असते तर सोपं झालं असतं.

जागा झाल्याचं तिनेच सांगितलं. शाळेच्या फाटकाशी ऐकून ती तशीच धावत आली, पायात घरातल्या चपला. "एक कुटुंब झूटरमेरला राहायला चाललंय. एक जागा रिकामी झालीय. आत्ता फोन कर, विचार नंतर कर." मी फोन केला. जागा मिळाली. मला आनंद झाला आणि हेही तिच्यामुळेच, हे खुपलंही.

शाळा बदलल्यावर पहिले काही बुधवार काही झालं नाही. मग एक दिवस बेल वाजली. दारात दोन मुली. इरा खेळायला येईल का, विचारत होत्या. इरा माझ्या काखेखालून निघून गेली. कोट मी हातात धरून उभी होते. तो तिने जाताना ओढून घेतला. "झेल्फ," म्हणाली. म्हणजे माझं मी. इतकी वर्षं मानसीचा हेवा केला. त्या दुपारी तो त्या दोन मुलींकडे गेला.

आता इरा नऊ वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर डचमध्ये. पप्पांचा गुडघा दुखतो, म्हणून गेल्या थंडीत आई एकटीच आली. बुधवारी बेल वाजली, इरा बुटात पाय घालून निघाली, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. "थांब गं, चेन लाव."

इरा थांबली. वळली, दोन्ही हात आडवे पसरले. आईने चेन गळ्यापर्यंत ओढली. मला इरा कोटाला बोट लावू देत नाही. मी आत पोळपाटाशी उभी राहून बघत होते आणि स्वतःच्या आईवर जळत होते.

नवीन आलेल्या आया मला फोन करतात, शाळा कोणती घेऊ विचारतात. मी सांगते, खिडकीतून दिसते ती. पप्पांना हे सांगितलेलं नाही. त्यांच्या सांगलीत त्यांचं बरोबर होतं. आणि त्यांनी मागाहून बघायला सांगितलेलं घर? आमची बेल आता आठवड्यातून कितीतरी वेळा वाजते, दर वेळी इरासाठी. माझ्यासाठी या देशात कोणी बेल वाजवत नाही.

त्या बुधवारी चेन लावून आई पुन्हा कणकेकडे वळली आणि बागेचं दार वाजलं. मानसी आत आली, चपला दारात उलट्यापालट्या टाकल्या, आईच्या पाया पडली आणि न विचारता गॅसवर चहाचं आधण ठेवलं. कप कुठे असतात, तिला माहीत आहे.