पोत्यांच्या खोलीतला रिव्हर्ब

आमच्या भागात माइकमध्ये घुमारा नसेल तर लोक त्याला माइकच मानत नाहीत. आमच्या करडी गावात कुणाची शेळी हरवली तरी तिची दवंडी आभाळातून हुकूम सुटल्यासारखी होते. शेळी जवळपास असलीच तर ती ऐकून आणखी दोन गावं पुढं पळते. माइकवाल्याचं 'हॅलो' चारदा परत आलं नाही, तर मंडळी त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघतात. या लोकांना हसायचा हक्क माझ्याकडे होता. तो मी पोरीच्या हळदीत घालवला.

आमच्या घरातल्या प्रत्येक पोरीच्या हळदीला माझी आत्या गाते. चाल एकच, तीही अर्धी. पण शब्द तिचे स्वतःचे; पाटावरच्या नवरीपासून सुरुवात, आणि मग एकेका सोयऱ्याची भर मांडवात खरडपट्टी. यंदा पाळी माझ्या पोरीची होती. आणि तिचा मामा, म्हणजे माझा साळा, तुमसरात डीजे चालवतो. त्याच्या स्पीकरच्या डब्यांपुढं उभं राहिलं की आपलं काळीज आपल्याच विचारानं धडधडतंय की त्याच्या, हे कळत नाही.

"आत्याबाईचं गानं आता कोन आयकते, जीजाजी?" तो म्हणाला. "पोरीबारी तं नाचाले येऊन राहिल्या."

शेवटी पोरीनंच तोडगा काढला. आधी आत्याआजी गाईल. लोक बसून राहिले तर तीच गात राहील, उठू लागले तर मामाचा डीजे.

आत्यानं मला बाजूला घेतलं. "बाबू, आपल्या घरची हे शेवटची पोरगी हाय. याच्यानंतर मी कोनाच्या हळदीत गाऊ? मायं एकेक बोल आयकू आला पायजे."

इथं शहाणा माणूस मान हलवून मोकळा झाला असता. पण माझ्याकडे सिंथेसायझर होता. भंडाऱ्याहून जुनाच घेतलेला. भजनात मी तो वाजवतो, म्हणजे भजनवाले मला सोसतात. त्याला माइक लावायचीही सोय आहे. मी म्हणालो, "आत्या, तुझा आवाज असा करतो का डीजे लाजला पायजे."

या यंत्रात रिव्हर्ब नावाची एक भानगड असते. मोठ्या खोलीत आवाज भिंतींना लागून परत येतो, विरता विरता रेंगाळतो. तेच यंत्र खोटं खोटं करून दाखवतं. आधी खोली निवडायची: लहान, स्टेज की हॉल. मग आवाज किती वेळ रेंगाळू द्यायचा ते ठरवायचं, आणि मग मूळ आवाजात तो किती मिसळायचा ते. भाजीवर तर्री किती, एवढाच प्रश्न. आणि तर्रीच्या बाबतीत आमचा हात कसा आहे, हे जगाला माहीत आहे.

सरावाला आम्ही मधल्या खोलीत बसलो. धान नुकताच घरी आला होता, खरेदी केंद्र उघडायची वाट बघत पोती छतापर्यंत रचली होती. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात आत्या, मी आणि यंत्र. मी हॉल लावला. आवाज रजईखालून आल्यासारखाच. रेंगाळणं वाढवलं, मिसळण वाढवली. यंत्राला शिव्या घातल्या, विकणाऱ्याला घातल्या. सगळं टोकाला नेलं तेव्हा कुठं बारीकसा घुमारा ऐकू आला. "जमलं!" मी म्हणालो.

बायकोनं दारातून डोकावलं. "घरात एवढी जागा असून बोऱ्यायत कायले घुसून बसले?"

तिला संगीतातलं कळत नाही, असं मी ठरवून टाकलं.

हळद गावच्या समाजमंदिरात होती. वर टिन, खाली फरशी, चारी भिंती नागड्या. दुपारी पोरगी पाटावर बसली, आत्यानं माइक धरला आणि पहिली ओळ उचलली.

ती ओळ टिनाला धडकून परत आली, तोवर दुसरी निघाली होती. दोघी वाटेत एकमेकींना भिडल्या, तिसरीनं येऊन भांडण पेटवलं. विहिरीत उतरून दहा बाया एकदम बोलाव्यात तसं काहीतरी ऐकू येत होतं. मागच्या बाया उठून चपला शोधू लागल्या. साळा दारात आपल्या डब्याला टेकून उभा होता. "आवाज तं मस्त होऊन राहिला, जीजाजी. बोल कोनते होते?"

आत्यानं माइक मांडीवर ठेवला. "बाबू, मी गाऊन राहिली का रडून राहिली? मलेच नाही समजत."

मी हॉलचा स्टेज केला, स्टेजची लहान खोली केली. गोंगाट हलेना. माझ्या कपाळावरचा घाम बटनांवर पडत होता. साळ्यानं आपल्या डीजेची वायर उचललीच होती, तेवढ्यात कुणाच्या तरी हातून हळदीची पितळी परात फरशीवर पडली. तिचा ठणठणाट टिनाखाली कितीतरी वेळ फिरत राहिला.

परातीला तर मी रिव्हर्ब लावला नव्हता.

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. घरी सगळा आवाज पोती गिळत होती, आणि मी त्यांचं पोट भरेपर्यंत वाढत बसलो होतो. इथं गिळायला कुणी नव्हतं. खऱ्याखुऱ्या हॉलमध्ये मी खोटा हॉल घेऊन आलो होतो, तोही पदरचे पैसे देऊन. शेळीची दवंडी देणारा माझ्यापेक्षा बरा. तो निदान उघड्यावर तरी ओरडतो.

मी रिव्हर्ब पार बंद केला.

"अजी, असं कोरडं कोन आयकते?" साळा म्हणाला.

"तू आयक," आत्या म्हणाली, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता टिन जेवढं परत देत होतं तेवढंच. शब्द सुटे सुटे येऊ लागले. चपला हातात घेतलेल्या बाया तशाच खाली बसल्या. व्याह्यांची खरडपट्टी झाली, साळ्याच्या डब्यांची झाली. त्यानं वायर गुंडाळून ठेवली आणि टाळी वाजवली. मग आत्या माझ्याकडे, आपल्या भाच्याकडे वळली.

मांडवात बसला भासा, पुढं घेऊन पेटी,
बटना दाबे ढीगभर, सूर एक ना भेटी

अख्खं समाजमंदिर खदखदून हसलं. पाटावरची पोरगी तर हळद सांडेपर्यंत हसली. आत्यानं तीच ओळ आणखी सावकाश, अक्षर अक्षर सोडवून म्हणायला घेतली. माझा हात आपोआप रिव्हर्बच्या बटनाकडे गेला. आत्यानं गाता गाताच डोळे वटारले.

मी हात मांडीवर घेतला आणि ऐकत बसलो.